पिवळ्या फ्रॉकची खूण

काल संध्याकाळी पाळणाघरात मी दुसऱ्याच मुलीला उचललं. पूर्ण उचललं असंही नाही. वाकले, दोन्ही हात तिच्या काखेत घातले, ती जमिनीपासून वीतभर वर आली असेल, तेवढ्यात माझ्या हातांना ती हलकी लागली. हातांना, डोळ्यांना नव्हे. डोळे अगदी खुशीत होते. पिवळा फ्रॉक, खिशावर बदक, खांद्याचं बटण सकाळी घाईघाईत मीच पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं. सगळं जुळत होतं. मागून पाळणाघरातल्या मावशी म्हणाल्या, "अहो, ती नव्हे. तुमची ती काय, गादीवर." आणि गादीवर, कुणाच्या तरी हिरव्या चड्डीत आणि ढगळ सदऱ्यात, माझी गोटी बसली होती. रडत नव्हती. तोंडात एक प्लॅस्टिकचं झाकण धरून माझ्याकडे बघत होती, जसं आपण बसस्टॉपवर समोरच्या माणसाकडे बघतो. दुपारी या दोघी पाण्याच्या टबात बसल्या म्हणे, कपड्यांसकट. मावशींनी हाताला येईल ते चढवलं, नंतर पिवळा फ्रॉक आधी वाळला म्हणून तो त्या दुसरीला घातला. एवढीच गोष्ट. मावशी हसल्या, फ्रॉक उतरवून माझ्या पिशवीत टाकला, म्हणाल्या, होतं असं. मीही हसले. ते हसू घरी येईपर्यंत तोंडावर तसंच राहिलं, वाळलेल्या साबणासारखं.

दुसऱ्या कुणाला हे एवढं लागलं नसतं. कापडाच्या दुकानात असते, बँकेत असते, तर जेवताना हा किस्सा रंगवून सांगितला असता. पण माझं सगळं काम ओळखण्याचं आहे. मी फुलकिडे ओळखते. फुलकिडे म्हटलं की लोकांना कुंडीतल्या गुलाबाच्या चुरगळलेल्या कळ्या आठवतात आणि ते औषध विचारतात. माझे फुलकिडे फुलाकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते मेलेल्या फांद्यांवर, वाळून लटकलेल्या पानांवर राहतात आणि बुरशी खातात. लांबीला तिळाएवढे, जाडीला दोऱ्याएवढे, शेपटाच्या जागी एक नळी. डिवचलं की ती नळी वर उचलून सावकाश चालायला लागतात, घाई म्हणून नाही. त्यांच्यातले काही बुरशीचे बीजाणू अख्खेच्या अख्खे गिळतात. तोंडातल्या सुया त्यासाठी रुंद असतात, बाकीच्यांच्या केसासारख्या बारीक. मायक्रोस्कोपखाली त्यांच्या पोटात शेवटचं जेवण दिसतं, काळसर मण्यांची माळ तुटून पडावी तसं. मला ते दिसलं की अजूनही बरं वाटतं. कुणीतरी पोटभर जेवलंय, एवढंच ते असतं. गोटीच्या डब्याचं झाकण उघडून तो रिकामा दिसला की वाटतं, साधारण तसं.

तर अशा प्राण्याच्या डोळ्यामागचा केस टोकाला बोथट आहे की अणकुचीदार, मिशीच्या तिसऱ्या पेरावर संवेदनेचे काटे दोन आहेत की तीन, यावरून मी त्याची जात सांगते. ज्यांनी मला हे शिकवलं त्या बाई अजून आमच्या विभागाच्या प्रमुख आहेत. पहिल्याच दिवशी मी मोठ्या उत्साहाने म्हटलं होतं की हा तपकिरी आहे आणि हा पिवळा, म्हणजे दोन जाती. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, रंगावर जाऊ नकोस गं, रंग म्हणजे अंगावरचा कपडा. आणि दोन्ही किडे कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात टाकले. थोड्या वेळाने दोघेही सारखेच झाले, फिक्या चहाच्या रंगाचे, आरपार, आणि मग खरं काय ते दिसायला लागलं. हे मी नंतर येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितलंय, बाईंच्या आवाजात, चष्म्यावरून बघायला चष्मा नसताना.

आणि काल मी फ्रॉक उचलला.

घरी नवऱ्याला काही सांगितलं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर लोक त्याला वर आणि खाली एवढंच विचारतात, घरी आल्यावर त्याला साधी सरळ बातमी लागते. आज गप्प का, म्हणाला. डोकं दुखतंय म्हटलं. त्याने भांडी घासली, गोटीला पाठीवर घेऊन खोलीभर रांगला, आणि मध्येच विचारलं की बाईंना काय सांगायचं ठरलं का. कारण तो प्रश्न गेले कित्येक दिवस आमच्या घरात पाहुण्यासारखा मुक्कामाला होता. गोटी झाल्यावर घेतलेली रजा संपून मी कामावर परतले त्याला आता तीन महिने झाले. पुढचं वर्ष मी राहणार की नाही हे बाईंना वर कळवायचं होतं, आणि त्यांनी मला आजपर्यंतची मुदत दिली होती. परवापर्यंत मी राहणार होते. काल संध्याकाळी, त्या हिरव्या चड्डीतल्या मुलीला खांद्यावर घेऊन जिना चढताना, मी ठरवलं की नाही. जी बाई आपल्या मुलीला कपड्यावरून ओळखते तिने घरी बसावं आणि मुलीकडे नीट बघावं. नवऱ्याला म्हटलं, उद्या सांगेन. तो म्हणाला, तुझं तू ठरव, मला दोन्ही चालेल. हे वाक्य तो प्रेमाने म्हणतो, मला माहीत आहे. पण त्याने एकदा तरी म्हणावं की मला हे एक चालणार नाही, म्हणजे भांडायला तरी जागा होईल.

गोटी झोपल्यावर मी तिच्याजवळ बसून तिला शब्दांत उतरवायचा प्रयत्न केला, जशी एखादी जात कागदावर उतरवतात. आमचा ओळखीचा तक्ता असाच असतो: मिशीचं पेर लांब असेल तर पुढच्या ओळीवर जा, आखूड असेल तर खाली अकराव्यावर. डोक्याला दोन भोवरे. असतील तर पुढे जा. डाव्या कानाची पाळी उजवीपेक्षा जरा चिकटलेली. पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब, हे नवऱ्याकडून. इथपर्यंत ठीक चाललं, मग लक्षात आलं की यातलं पाळणाघराच्या दारातून काहीच दिसत नाही. आणि जे दिसतं, गाल, चाल, केसांची उभी राहणारी बट, ते दर पंधरवड्याला बदलतंय. फुलकिड्यांच्या पिल्लांनाही आमच्याकडे तक्ता नाही. असेल तर एखाददुसऱ्या जातीचा. पिल्लं सगळी मऊ, फिकी, एकासारखी एक. मोठी होऊ द्या, मग बघू, असं म्हणून आम्ही त्यांना वेगळ्या बाटलीत ठेवून देतो. मावशींचं पाळणाघर म्हणजे ती बाटली. हा विचार मनात आला आणि मला अंधारात हसू फुटलं. लगेच, हसू आलं म्हणून अपराधी वाटलं. मी तिच्या नाकापाशी बोट धरून श्वास येतोय ना ते बघितलं. रोज बघते. झोपेतच तिने ते बोट पकडून हुंगलं आणि सोडून दिलं. माझ्या बोटांना लवंगेच्या तेलाचा वास असतो, किडे काचेवर चढवण्याआधी त्या तेलात ठेवावे लागतात. कितीही हात धुतले तरी जात नाही. ती तान्ही होती तेव्हा मी कामावर नव्हते, बोटांना साबणाचा वास होता. आता गेले तीन महिने हा. रोज संध्याकाळी ती आधी बोट धरून नाकाशी नेते, मग वर घे म्हणते. मला वाटायचं तिला तो वास आवडत नसणार.

सकाळी कालचीच निळी पँट चढवली, गोटीला मुद्दाम कालचाच फ्रॉक घातला, आणि पाळणाघराच्या दारात मावशींच्या नजरेला नजर न देता तिला आत सोडलं. मावशी म्हणाल्या, आज टब नाही काढत. त्या सहज म्हणाल्या असतील. पण मला वाटलं, आता सगळ्या आयांना कळलं असणार, आपापल्या घरी सांगून झालं असणार.

प्रयोगशाळेत खिडकीपाशी माझं टेबल आहे. सकाळच्या पहिल्या तासाला तिथे एक मऊ उजेड येतो, त्यात स्लाइडच्या ट्रेमधल्या काचा पाण्यासारख्या दिसतात. शेजारच्या टेबलावर गोगलगाय. त्याचं खरं नाव सगळेच विसरलेत. तो गोगलगाईंवर काम करतो आणि त्यांच्याच वेगाने बोलतो. माझा चेहरा बघून त्याने वाक्य जुळवायला सुरुवात केली आणि मी कोट घालून, बाटल्या मांडून, दिवा लावून बसेपर्यंत ते पूर्ण केलं: "माझं बरं आहे बघ. माझं गिऱ्हाईक घर पाठीवर घेऊन फिरतं, मी घरावरूनच ओळखतो. आत कोण राहतं ते कुणाला बघायचंय." एरवी मी काहीतरी परतवलं असतं. आज मला वाटलं, यालाही कळलंय की काय.

ठरवलं होतं की बाई आल्या आल्या सांगून टाकायचं. त्या आल्या, हातातली पिशवी ठेवली आणि थेट माझ्या ट्रेपाशी येऊन म्हणाल्या, "तुझी नवी जात काय म्हणते? मधले कुठे आहेत?" आणि माझं वाक्य मागे राहिलं, कारण या प्रश्नाला उत्तर देणं जास्त सोपं होतं. नाहीत, म्हटलं. शोधलेस का, त्यांनी विचारलं. मी ट्रेमधली एक काच सरळ केली. मग शोध, म्हणाल्या, आणि त्यांच्या खोलीत गेल्या.

ती नवी जात अशी. गोटी पोटात असताना आमच्या आवारातल्या झाडाच्या वाळक्या फांद्या छाटल्या होत्या. मी त्यांची एक मोळी घेऊन सावलीत बसले, पांढरा ट्रे पोटावर टेकवला, कारण तो टेकवायला तेव्हा तेवढीच सपाट, म्हणजे जवळजवळ सपाट जागा होती, आणि फांद्या काठीने झोडपल्या. पांढऱ्यावर काळे फुलकिडे पडले आणि नळ्या वर करून चालायला लागले. ट्रेखालून गोटीने लाथ मारली की सगळा ट्रे हलायचा आणि ते क्षणभर थबकायचे. मी ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलून बाटलीत घेतला. माझ्या आयुष्यातली ती दुपार मी काही न करता पुन्हा पुन्हा बघू शकते. नंतर त्यांच्यात दोन तऱ्हेचे नर निघाले. एक दांडगे, पुढच्या मांड्या पैलवानासारख्या फुगलेल्या, पावलावर आतल्या बाजूने भक्कम काटा. दुसरे किरकोळ, बारीक हातांचे, काटा जवळजवळ नाहीच. दांडगे ओळखीचे होते, त्यांना नाव होतं. किरकोळांना नव्हतं. बाई विचारत होत्या ते या दोन तऱ्हांच्या मधले. मी रजेवर जाण्याआधी त्यांची वेगळी पेटी केली आणि वर्षभर, दूध पाजताना, कपडे वाळत घालताना, मनातल्या मनात त्यांना नावं ठेवत राहिले. म्हणजे बारशाची नावं. दोन-तीन तर गोटीच्या नावावरूनच होती.

उरलेली बाटली मी आज उघडली. काम तेच, हाताला सवयीचं. कॉस्टिकमधून निघालेला किडा पाण्यात, मग अल्कोहोलमध्ये, हळूहळू तीव्र, मग लवंगेच्या तेलात. मग काचेवर, बाल्समच्या डिंकासारख्या थेंबात, सुईने मिशा सरळ करायच्या, पाय बाजूला घ्यायचे, पंख असतील तर उघडायचे, झोपलेल्या बाळाच्या बाहीतून हात सोडवावा तसं. जोर केला तर तुटतं, भीत राहिलं तर बाल्सम आवळतो. या कामात मला भीती वाटत नाही. घरी दूध किती गरम, खोकला कोरडा की ओला, दाराच्या फटीत बोट जाईल का, असं डोक्यात सारखं चालू असतं. इथे सुई हातात घेतली की ते आपोआप थांबतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईपणातून सुटका म्हणून कामावर येते, असं कुणी म्हणेल. तसं नाही. इथे मी ज्या डोळ्यांनी बघते ते डोळे घरी न्यावेसे वाटतात, एवढंच. काल ते नेता आले नाहीत.

सुई फिरवताना बाबा आठवले. ते घड्याळं दुरुस्त करायचे, डोळ्याला भिंग लावून, आणि ते भिंग मला पहिल्यांदा त्यांनीच लावून दिलं, त्यातून मी मुंगीचा गुडघा बघितला. बाबा गिऱ्हाईक मनगटापासून ओळखायचे. दुकानात कोणी आलं की आधी नजर मनगटावर, मग, या या, काय म्हणतंय तुमचं पट्ट्याचं घड्याळ. एकदा मामा भाड्याच्या घराची किल्ली द्यायला आला, हातात मित्राचं घड्याळ. बाबांनी त्याला अहो साहेब म्हणून खुर्ची दिली, घड्याळ उघडून तेल घातलं, आणि तो पोट धरून हसायला लागला तेव्हा मान वर करून बघितलं. सख्खा मेहुणा. आईने पुढे कितीतरी वर्षं त्यावरून त्यांना छळलं. पण बाबांनी कधी दुकान बंद करायचं मनात आणलं असेल असं वाटत नाही. उलट त्या दिवशी मामाला म्हणाले होते, घड्याळ मात्र चांगलं ठेवलंय तुमच्या मित्राने.

जेवायच्या सुट्टीपर्यंत पाच नर चढवले होते. दोन दांडगे, दोन किरकोळ. पाचव्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. मांडी फुगलेली, पण पैलवानासारखी नाही, शाळेत कबड्डी खेळणाऱ्या मुलाइतकी. काटा होता, छोटा, त्रिकोणी. डबा न उघडताच मी पुढचे घेतले. मग असे आणखी निघाले, थोडे कमी, थोडे जास्त. दुपार कलली तेव्हा मी सगळ्या स्लाइड्स एका रांगेत लावल्या, डावीकडे सगळ्यात दांडगा, उजवीकडे सगळ्यात किरकोळ, आणि मायक्रोस्कोपखालून एकामागून एक सरकवल्या. कुठे थांबून म्हणावं की इथे एक जात संपली आणि दुसरी सुरू झाली, अशी जागाच नव्हती. मांड्या बदलत होत्या, काटे बदलत होते. पण डोळ्यामागचा तो एक केस, टोकाला किंचित पसरलेला, आणि मिशीच्या तिसऱ्या पेरावरचे दोन काटे, ते दांडग्यापासून किरकोळापर्यंत हलले नव्हते. ज्याला लहानपणी खायला भरपूर मिळालं तो दांडगा झाला असेल, नाही मिळालं तो बारीक राहिला असेल. एकाच मोळीतले, एकाच घरचे. मीच त्यांना दोन पेट्यांत घातलं होतं.

बाई आल्या, माझ्या खुर्चीत बसल्या, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. मग डोळा न उचलता म्हणाल्या, "गेली गं तुझी नवी जात."

"हो."

"वाईट वाटलं?"

मी मनात बघितलं. वाटायला हवं होतं. वर्षभर बाळगलेली नावं होती. पण आत एक रिकामी, स्वच्छ जागा होती, पाहुणे गेल्यावर खोली झाडून घेतली की होते तशी. नाही, म्हटलं. बाई म्हणाल्या, त्यांनी तरुणपणी अशाच एका किरकोळ नराला नाव देऊन छापूनही टाकलं होतं, आणि दुसऱ्याच कुणीतरी मधले शोधून काढले. अजून परिषदेत भेटला की तो माणूस त्यांना त्या किड्याची खुशाली विचारतो. मग उठता उठता त्यांनी विचारलं, "बरं, वर काय कळवू?"

आता सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि निघालं ते असं: "माद्या बघायच्या राहिल्यात अजून. पंखवाल्या आणि बिनपंखी एकच आहेत का ते बघायचंय. त्याला वर्ष जाईल."

"मग तसं सांग की," बाई म्हणाल्या. "सकाळपासून तोंड शिवल्यासारखी बसलीयस. उद्या आल्यावर पाठवते मी." गोगलगायीने या सगळ्यावर काहीतरी म्हणायला सुरुवात केली, पण मी कोट काढून निघाले तरी ते त्याच्या ओठांपर्यंत पोचलेलं नव्हतं.

रस्त्यावर आल्यावर कळलं की मी काय बोलून बसले. फुलकिड्यांच्या खुशीत मुलीचा निर्णय करून टाकला. किडे काचेवर चढवलेले असतात, त्यांना उद्या बघितलं तरी चालतं, गोटीला नाही. चालता चालता वाक्य जुळवलं: बाई, मी पुन्हा विचार केला, मला नाही जमणार. फोन हातात घेतला. बाईंचा नंबर काढला. पाळणाघराच्या वळणावर थांबून लावायचा असं ठरवलं, मग वाटलं, आधी तिला घेऊ, आज दारात एका नजरेत ओळखू, मग लावू. म्हणजे मी स्वतःशी पैज लावली होती आणि कोणता निकाल लागल्यावर काय करायचं हेच मला नीट माहीत नव्हतं.

दारात गर्दी होती. सुटण्याची वेळ, आया, बाप, एक आजोबा, बुटांचा ढीग. माझ्यापुढे एक उंच बाई उभी होती, माझ्यासारखीच निळी पँट घातलेली, मावशींशी बोलण्यात गुंतलेली. मी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. पिवळा फ्रॉक दिसला, आणि मी ताबडतोब नजर त्याच्यावरून काढून घेतली, जसा तापलेल्या भांड्यावरून हात काढतो. केस बघितले. चाल बघितली. डुलत, एक हात वर धरून, जणू त्या हातात कुणी छत्री दिलीय. तीच. गोटीच. तिने दाराकडे बघितलं, चेहरा उजळला, आणि ती सरळ चालत आली आणि त्या उंच बाईच्या पायाला मिठी मारली. दोन्ही हातांनी, निळ्या पँटला, गुडघ्यापाशी, गाल टेकवून.

मी हललेच नाही. उंच बाईने खाली बघितलं, अरे, ही कोण, म्हणाली. मग गोटीनेही मान वर केली. बराच वेळ, पहिल्यांदाच बघावा तसा तिने तो परका चेहरा बघितला. रडली नाही, दचकली नाही. जरा ओठ पुढे काढून विचार केला, मग पँट सोडली, जसं आपण दुकानात उचललेली वस्तू परत ठेवतो. मावशी आतून म्हणाल्या, "घ्या, आज हिची पाळी." उंच बाई हसली, मीही हसले, आणि या वेळी ते हसू तोंडावर राहिलं नाही, घशातून खाली उतरलं.

गोटी त्या बाईला वळसा घालून माझ्यापर्यंत आली. माझ्या पँटकडे तिने बघितलंही नाही. माझं बोट धरलं, खाली ओढलं, नाकाशी नेलं, हुंगलं. नीट, घाई न करता. मग दोन्ही हात वर केले.

फोन मी खिशात टाकला, उचलायला दोन्ही हात लागतात. काखेत हात घातले, वर घेतलं. वजन बरोबर होतं.